जाळ्यांच्या दुकानाची दुसरी किल्ली

मकसूदभाईंचं इंदापुरातलं दुकान जाळ्यांचं. उजनीच्या पाण्यात मासे धरणारी माणसं नायलॉनची जाळी, दोर, शिशाच्या गोळ्या असं सगळं तिथूनच नेत. छत्तीस वर्षं सकाळी सातच्या ठोक्याला मकसूदभाई कुलूप काढून गादीवर बसत, आणि ते बसले की समोरचा चहावाला न सांगता पहिला कप पाठवून देई.

गेली अकरा वर्षं मात्र दुकान खऱ्या अर्थानं चालवत होती ती त्यांची लेक हीना. कोणत्या माशाला किती बोटांचं जाळं लागतं, फाटलेलं कसं सांधायचं, कुठला दोर पाण्यात कुजतो, सगळं तिच्या हातात बसलं होतं. मुलगा आफताब लोणी देवकरला कारखान्यात कामाला होता. त्याला जाळ्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

फेब्रुवारीत मकसूदभाईंच्या छातीत कळ आली. चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "गौहर, दुकान हीनाचं व्हायला पाहिजे. माझ्या मागं वाटण्या झाल्या तर पोरीला पोराच्या निम्मं. एवढ्याशा गाळ्याचे तुकडे होणार कसे? विकूनच टाकतील."

"मग जित्तेपणीच देऊन टाका की," गौहरबी म्हणाल्या. "तुमच्या हातून सुटलं तर."

त्या शेवटच्या वाक्याकडे मकसूदभाईंनी कानाडोळा केला.

दुसऱ्या आठवड्यात बापलेक बारामतीला शंभूराज वकिलांकडे गेले. "मृत्युपत्र करून द्या," मकसूदभाई म्हणाले.

वकील शांत स्वभावाचे. त्यांनी समजावून सांगितलं, "चाचा, तुमच्यात एका वारसाच्या नावे मृत्युपत्र केलं, तर तुमच्या मागं बाकीच्या वारसांनी ते कबूल करावं लागतं. त्यांचं मन तेव्हा कसं असेल, कोणी सांगावं? त्यापेक्षा हिबा करा. म्हणजे जिवंतपणी दिलेली भेट. त्याला तीन गोष्टी लागतात. तुम्ही 'दिलं' म्हणायचं, हीनाताईंनी 'घेतलं' म्हणायचं, आणि तिसरी, ताबा सोडायचा. पहिल्या दोन इथं टेबलावर होतील. तिसरी तुमच्या दुकानात."

"त्यात काय अवघड हाय?" मकसूदभाई हसले.

कागद झाला. आफताब साक्षीदार म्हणून सही करायला कौतुकानं आला. म्हणाला, "अब्बा, मला त्या दुकानात बसवलं असतं तर मीच जाळ्यात अडकून पडलो असतो." सगळे हसले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मकसूदभाईंनी कपाटात ठेवला.

आणि दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला कुलूप काढून ते गादीवर बसले. हीना नेहमीप्रमाणे दाराजवळच्या स्टुलावर. उन्हाळा गेला, पाऊस आला, गादीवर तेच.

श्रावणात शंभूराज वकील शेततळ्यावर घालायला जाळं न्यायला आले. पायरीवर रावजी बसला होता. हे वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, पलीकडच्या गावचा मासेमार. वकिलांनी गादीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि रावजीला विचारलं, "रावजी, हे दुकान कोणाचं?"

"मकसूदभाईंचं. आणिक कुणाचं?"

"सकाळी उघडतं कोण?"

"त्येच की. कंबरंला किल्ली बघा त्यांच्या."

वकील मकसूदभाईंकडे वळले. "चाचा, रावजी खोटं बोलणारा माणूस नाही. उद्या भांडण कोर्टात गेलं आणि ह्यालाच साक्षीला बोलावलं, तर तो हेच सांगणार. मग ताबा सुटलाच नाही, आणि तुमचा कागद पिशवीतच बरा."

"आफताब न्हाय भांडायचा."

"आफताब नाही भांडणार. त्याच्या मुलांची हमी घेता?"

हीना खाली मान घालून जाळं मोजत होती. तिची बोटं थांबली. अकरा वर्षांत तिनं बापाकडे कधी काही मागितलं नव्हतं. तेच आता मकसूदभाईंना लागलं. त्यांनी कंबरेची किल्ली सोडवून तिच्या हातात दिली. "घे. उद्यापासून तू उघड."

घरी येताना त्यांना हलकं वाटलं. पण सदऱ्याच्या आतल्या खिशात कुलपाची दुसरी किल्ली होती, आणि तिच्याबद्दल ते कोणाशीच बोलले नव्हते. अडीअडचणीला असावी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाय आपोआप निघाले. सातला मकसूदभाई दुकानासमोर हजर. कुलूप तसंच. सव्वासात झाले. रावजीचा टेम्पो येऊन उभा राहिला.

"उघडा की मकसूदभाई. चार बोटांचं जाळं पायजे. होडी लावून आलोय."

"हीना येईल."

"आन् तुमी काय पाव्हणं हाय का? बिनकिल्लीचं आलाय व्हय?"

मकसूदभाईंचा हात खिशाकडे गेला. किल्ली बोटांना लागली, अंगाच्या उबेनं गरम झालेली. एकदा फिरवली की शटर वर. गिऱ्हाईक खोळंबलं नसतं, चहा आला असता, सगळं कालच्यासारखं झालं असतं. आणि रावजीनं जन्मभर तेच सांगितलं असतं, उघडतं कोण, तर मकसूदभाईच.

त्यांनी हात बाहेर काढला. "रावजी, दुकान आता हीनाचं हाय. मी न्हाय उघडू शकत. बस जरा."

दोघं पायरीवर बसले. चहावाल्यानं गोंधळून दोन कप तिथंच आणून दिले.

हीना आली आठ वाजता, धाकट्या लेकीला, फरहीनला, शाळेत सोडून. मकसूदभाई उसळले. "हे दुकान सातला उघडतं!"

"तुमचं उघडायचं, अब्बा. माझं आठला," हीना म्हणाली आणि कुलूप काढलं.

रावजी खो खो हसला. मकसूदभाईंना आधी राग आला, मग तेही हसले. हसता हसता त्यांनी खिशातली किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. हीनानं किल्लीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"ही कुठं होती?"

"हुती. आता न्हाय."

रावजीचं जाळं दिल्यावर मकसूदभाई काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथं उभे राहिले. "बाजेसाठी दोर पायजे. वीस हात."

हीनानं दोर मोजला, कापला, गुंडाळला. मग पुस्तक ओढून पावती लिहू लागली.

"बापाकडनं पैसं घेतीस का काय पोरी?" रावजी दारातून ओरडला.

"घेऊ दे," मकसूदभाई म्हणाले. "हीना, दहा रुपये कमी कर."

"तुम्ही छत्तीस वर्षांत कोणाला कमी केलेत?"

मकसूदभाईंनी पुरते पैसे मोजून गादीवरच्या लेकीच्या हातात दिले. पावतीवर तिची सही होती. ती घडी करून त्यांनी खिशात ठेवली, किल्ली होती त्याच जागी. घरी गेल्यावर ती पिशवीतल्या कागदाला जोडायची होती.

"रावजी," दोर खांद्यावर टाकत ते म्हणाले, "नीट बघितलंस न्हवं?"

"बघितलं की."

"मग ध्यानात ठेव. कुणी इचारलं तर आज बघितलंस तसंच सांगायचं."