इंजीन झालेलं स्टेशन

पुठ्ठ्याचा बोगदा, आणि आत झोपलेलं मांजर.

लिफ्ट दुरुस्त करणारा, पण स्वतः जिन्यानेच चढणारा माणूस.

टेबलावर खेळण्यातल्या रेल्वेचं काडेपेटीएवढं स्टेशन, त्यात वाटाण्याएवढा दिवा.

"विझत नाहीये," वहिनी म्हणाल्या.

"विझायला कशाला हवा?" टेबलाखालून लिफ्टवाले भावोजी म्हणाले. "नवा कंट्रोलर डिजिटल आहे, वहिनी. रुळांत आता कायम वीज. गाडी पळो की थांबो, दिवा चालूच. जुन्यात गाडी थांबली की बिचारा मान टाकायचा. एक वेगळी वायर ओढली असती तर काम झालं असतं. दादांना कसं सुचलं नाही, देव जाणे. ते असो, दोष गेला."

"मग परत आणा."

भावोजींचं डोकं टेबलाला आपटलं. दोष काढायला उभा जन्म गेला. दोष परत मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

दादा गेल्यावर वहिनी लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. दादांची रेल्वे सोबत नेणार, पण होती तशीच. नाहीतर ती देऊन टाकणार कोपऱ्यावरच्या बालवाडीला. तिथल्या पोरांनी मागच्या वर्षी एक पियानो खाल्ला होता.

भावोजी कामाला लागले. या रेल्वेत हुकूम ऐकायचा तर प्रत्येकाला आपली चिप लागते आणि आपला नंबर. दिव्याची चिप दुकानात नव्हती, म्हणून त्यांनी एका मेलेल्या इंजिनाची काढून स्टेशनात बसवली. वायरी जोडल्या, चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला, आणि या गडबडीत नंबर बदलायचा राहिला.

त्यांनी बटण फिरवलं. गाडी निघाली. स्टेशनात दिवा मिणमिणला, गाडीने वेग घेतला तसा लख्ख झाला. बोगद्यातून आधी मांजर बाहेर आलं, मग इंजीन. मांजर जास्त चिडलेलं होतं.

"थांबा, चुकलं," भावोजी कपाळाला हात लावत म्हणाले. "चिप इंजिनाची, आणि कारखान्यातून आलेला तिचा नंबरही या चालत्या इंजिनाचाच. स्टेशनला वाटतंय आपणच इंजीन."

"पळत तर नाहीये ना?"

"चाकं नाहीत म्हणून. आत्ता नंबर बदलतो."

"हात लावू नका. गाडी थांबवा. हळू. तुमची लिफ्ट थांबते तशी नको."

भावोजींनी बटण हळूहळू मागे घेतलं. गाडी रेंगाळली. दिवा पिवळा झाला, मग तांबूस, आणि फलाटाशी गाडी टेकली तसा गेला.

वहिनी उठल्या, पदराला हात पुसत स्वयंपाकघरात गेल्या. ताटं मांडल्याचा आवाज आला. एक. दुसरं.

"भावोजी," आतून हाक आली, "दिवा गेला की दोन ताटं मांडायची सवय. आता जेवूनच जा."

दिव्यासाठी वेगळी वायर दादांनी लग्नाच्या वर्षीच आणली होती. पाकीट कधी फोडलं नव्हतं.