रेंगाळायचं नाही

हरल्यावर रेंगाळायचं नाही, ही माझ्या सासऱ्यांची शिकवण. जपानमधल्या चोशीत त्यांचं सेंबे भाजायचं दुकान आहे. तांदळाच्या चकत्या निखाऱ्यावर उलटसुलट करायच्या, वरून सोया सॉस फिरवायचा. चकतीला शिस्त लावणाऱ्या या माणसाने पोरालाही तशीच लावली. इकुमा शाळेत असल्यापासून सामना हरला की आधी समोरच्याला वाकून नमस्कार, मग कोर्टाला, आणि लगेच चालू पडायचं. रडायचं असेल तर घरी येऊन.

इकुमा म्हणजे माझा नवरा. पंधरा वर्षं तो व्यावसायिक टेनिस खेळला. तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नसेल, त्यात तुमचा काही दोष नाही. तो खेळायचा थायलंड नाहीतर कझाकस्तानातल्या कुठल्याशा कोर्टवर, आणि प्रेक्षकांत मी आणि एखादं झोपलेलं कुत्रं. खांद्याला पट्ट्या चिकटवून, स्वस्तातल्या खोल्यांत राहून काढली ही वर्षं. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत तो कधी शिरला नाही, आणि त्याची त्याला फारशी खंतही नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती. टोकियोच्या मोठ्या स्पर्धेत, मुख्य फेरीत, एकदा खेळायचं आणि ते बाबांनी बसून बघायचं.

बत्तिसाव्या वर्षी तो पात्रता सामन्यांच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोचला. आणखी एक सामना जिंकला की मुख्य फेरी. बाबांनी दुकान बंद ठेवलं, जे त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही केलं नव्हतं म्हणे. सेंबेचे पुडे घेऊन ते टोकियोला आले आणि दारावरच्या रखवालदारापासून शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईपर्यंत सगळ्यांना वाटत सुटले.

इकुमा तिसऱ्या सेटमध्ये, टायब्रेकरवर हरला.

पण टेनिसमध्ये एक सोय असते. मुख्य फेरीतून कुणी आयत्या वेळी माघार घेतली, तर पात्रतेच्या त्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला ती जागा मिळते. फक्त त्याने सकाळी मैदानावर हजर राहून सही करायची आणि वाट बघत बसायचं. हरलेल्यांत सगळ्यात वर इकुमाच होता.

"उद्या थांबू या," मी त्याला म्हटलं. "सही कर आणि बस गुपचूप."

"बसून काय करू? कुणाचा पाय मुरगळतोय याची वाट बघू?"

"तू जाऊन मुरगळणार आहेस का? मुरगळायचा तो मुरगळेलच."

"शिहोको, बाबा बाहेर उभे आहेत."

"मग सांग ना त्यांना, असा नियम आहे म्हणून!"

"काय सांगू? तुमचा मुलगा हरलाय, पण दारात हात पसरून बसणार आहे?"

बाहेर बाबांनी त्याच्या खांद्यावरची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. "हरलास ना? चल मग. सहाची गाडी मिळेल." झालं! बापलेक ताठ मानेने पुढे आणि मी दात-ओठ खात मागे. गाडीत कुणी टेनिसचा शब्द काढला नाही. बाबा तर छान झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इकुमा दुकानाच्या मागच्या अंगणात चकत्या वाळत घालत होता, तेव्हा फोन वाजला. स्पर्धेच्या आयोजकांतल्या कुसाकाबेंचा होता; ते त्याला लहानपणापासून ओळखायचे. एका खेळाडूला ताप भरला होता, जागा मोकळी झाली होती. "आहेस कुठे तू? अर्ध्या तासात सही करायला ये!" चोशीहून टोकियोला दोन तास लागतात. ती जागा खालच्या क्रमांकाच्या एका पोराला मिळाली. इकुमाने त्याला वसंतात सरळ दोन सेटमध्ये हरवलं होतं.

"कुणाचा फोन होता?" बाबांनी भट्टीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

"चुकीचा नंबर," इकुमा म्हणाला आणि पुन्हा चकत्यांकडे वळला.

पुढच्या वर्षी त्याच्या खांद्याने राम म्हटला. आता तो चिबातल्या एका क्लबात हौशी बायकांना फोरहँड शिकवतो. बाबा मात्र दुकानात येईल त्याला ऐकवायचे, "माझा पोरगा हरला, पण तिथे क्षणभर रेंगाळला नाही हो!" इकुमा शेजारी उभा राहून मान डोलवायचा. मला तर सेंबेचा अख्खा डबा उचलून आपटावासा वाटायचा. कुणाच्या डोक्यात, ते अजून ठरलेलं नाही.

परवाच्या रविवारी आम्ही चोशीला गेलो होतो. दुकानातल्या टीव्हीवर टोकियोची स्पर्धा चालू होती. एक कोवळा पोरगा जिंकून नाचत होता आणि समालोचक सांगत होता, हा खरं तर पात्रता फेरीत हरला होता, सकाळी सही करून थांबला म्हणून आत आला. बाबांचा हात भट्टीवर थांबला.

"हा नियम नवा आहे का रे?"

"हो बाबा," इकुमा म्हणाला. "आत्ताच आलाय." आणि तो पोती उतरवायला मागे निघून गेला.

चकती करपल्याचा वास आला. बाबांनी ती काढली, बाजूला ठेवली.

"शिहोको, त्या सकाळी त्याला फोन आला होता. कुणाचा होता गं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. खरमरीत उत्तर तयार होतं, त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "चुकीचा नंबर होता, बाबा."

"हं." त्यांनी दुसरी चकती जाळीवर ठेवली. "मी या खिडकीतून बघत होतो. फोन कानाला लावून तो कमरेतून वाकत होता. पुन्हा पुन्हा, माफी मागितल्यासारखा. चुकीच्या नंबराला कुणी इतकं वाकतं का?"

मी चहाचे रिकामे पेले गोळा करू लागले.

"मी विचारलं ते त्याला सांगू नकोस," ते म्हणाले.

इकुमा हात झटकत आत आला आणि त्याने गाडीची किल्ली उचलली. "चला, निघतो आम्ही. रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत."

"थांब की जरा," बाबा म्हणाले. "एवढी काय घाई आहे? बस."

इकुमाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी पाठ फिरवून चहाचे पेले विसळायला घेतले, कारण मला रडू आवरत नव्हतं.