सातव्या खणातला मेणाचा ठोकळा

मित्रांनो, मी मेणाचा आहे, पण मेणबत्ती नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मी एक लहानसा चौकोनी, पांढुरका ठोकळा आहे. भोरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये सातव्या खणात माझी जागा आहे आणि माझ्या पोटात वेल्हे तालुक्यातल्या पासली गावच्या चंद्राबाईंच्या गालाचा एक कण आहे. हसू नका. त्या कणापायी जो खेळखंडोबा झाला, तो ऐकलात तर तुम्हीही कपाळ बडवून घ्याल. मला कपाळ नाही, म्हणून मी नुसता आतल्या आत धुमसतो.

चंद्राबाई भातशेती करणाऱ्या. दातांना मिश्री लावायची सवय पन्नास वर्षांची. गालात हरभऱ्याएवढी गाठ आली, तेव्हा पुतण्या हनुमंत त्यांना इथे घेऊन आला. डॉक्टरांनी गाठीचा कण कापून औषधाच्या बाटलीत टाकला. मग लॅबमधल्या मितालीताईंनी तो वितळलेल्या मेणात बसवला. असा माझा जन्म झाला. "झकास बसलाय ठोकळा," ताई म्हणाल्या. हे कौतुक मला पाठ आहे, कारण पुढे बरेच दिवस कुणी माझं नावच काढलं नाही. ताईंनी माझी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती काढून काचेवर ठेवली. डॉक्टरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि कागदावर लिहिलं, कर्करोग.

पण घोळ त्याआधीच झाला होता. फॉर्म भरताना हनुमंत म्हणाला होता, "काकी, पासलीला मोबाईलला रेंज न्हाई, तितं कागद कवा पोचायचा? धनकवडीचा माजाच पत्ता टाकतो." वेल्ह्याकडची बरीच माणसं असंच करतात आणि त्यात त्यांना शहाणपणा वाटतो. झालं! कागदोपत्री चंद्राबाई पुणेकर झाल्या.

उपचाराला त्या पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात गेल्या. तिथे त्यांची फाईल भोरच्या निदानाच्या कागदासकट जमा करून घेतली, ती दुसऱ्या इमारतीत गेली आणि गेली ती गेलीच. मग तिथले डॉक्टर म्हणाले, भोरचा ठोकळा आणा, नाहीतर गालाचा तुकडा पुन्हा कापावा लागेल. चंद्राबाईंनी साफ सांगितलं, "एकदा कापलाय. आठ दिस भाकरी गिळता आली न्हाई. आता न्हाई." आणि माझ्यावाचून तर उपचार सुरू होईनात.

त्यांचा मुलगा कुमार मला न्यायला आला. पासलीहून वेल्हे, वेल्ह्याहून नसरापूर, तिथून भोर, अशा एसट्या बदलत आला. खिडकीवरच्या कारकुनाने संगणकात पाहिलं. "ह्या नावा-आडनावाच्या तिघी आहेत. एक धनकवडीच्या, एक भोरच्या, एक वरव्याच्या. पासलीच्या कुणी नाहीत. दुसऱ्याचा ठोकळा तुम्हाला कसा देऊ?"

"सायेब, नीट बगा की. आई हितंच आली व्हती."

"नोंद नाही म्हणजे नाही."

मी खणात ओरडत होतो, अरे, धनकवडीवाली तीच! पण मेणाचं कोण ऐकतं? हनुमंतने फॉर्मवर आपला पत्ता टाकल्याचं कुमारला ठाऊकच नव्हतं, तो हात हलवत परत गेला. मग रुग्णालयाने पत्र पाठवलं. लॅबने उत्तर पाठवलं, पासलीची नोंद नाही. पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर. दोन्हीकडे संगणक होते, चांगले कोरे करकरीत. पण ह्यांची यादी त्यांना दिसत नव्हती आणि त्यांची ह्यांना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. इकडे पत्रांची देवाणघेवाण चालली होती आणि तिकडे चंद्राबाईंची गाठ सुपारीएवढी झाली होती.

दोन महिन्यांनी चंद्राबाई स्वतःच आल्या आणि बाकावर ठाण मांडून बसल्या. "माजा तुकडा हितंच हाय. घेतल्याबिगार म्या उठायची न्हाई."

मितालीताई बाहेर आल्या. "मावशी, तारीख आठवते का?"

"तारीख कुटली! भाताची आवणी उरकली अन् दुसऱ्या दिशी आले. पायाला चिखल तसाच व्हता. तूच म्हनलीस, मावशी, आदी पाय धुवा."

ताईंना ते पाय आठवले. "तुमच्यासोबत कोण होतं?"

"हनुमंता, पुतन्या. धनकवडीला असतो."

ताईंनी कपाळाला हात लावला. पाच मिनिटांत मी त्यांच्या हातात होतो. पाच मिनिटांचं काम, मित्रांनो, आणि त्याला दोन महिने!

त्याच वेळी ताईंनी विचारलं, "मावशी, चार रुग्णालयं मिळून एक यादी करतायत. कुणाचा ठोकळा कुठे आहे, मूळ गाव कोणतं, हे डॉक्टरांना एका जागी दिसेल. उरलेल्या ठोकळ्याच्या चकत्या संशोधनाला दिल्या तर चालतील? तुमचं नाव झाकलेलं असेल."

"दे की बाय. ठिवून काय लोनचं घालायचंय त्याचं?"

मी पुण्याला जाऊन परत माझ्या खणात आलो आणि चंद्राबाईंचं ऑपरेशन झालं. वेळेवर झालं असतं तर थोडक्यात भागलं असतं. आता जबड्याचा तुकडाही गेला. त्या जगल्या, पण भाकरी दुधात कुस्करून खातात. हे आठवलं की मला अजून संताप येतो.

यादीत मूळ गावाचा रकाना आला, तेव्हा कळलं की वेल्हे तालुक्यात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण नाहीत असं जे सगळे समजत होते, ते खोटं होतं. एकोणीस बायका निघाल्या. साऱ्या धनकवडी, कात्रज, हडपसरच्या पत्त्यांआड लपलेल्या. आता डॉक्टर तपासणीला पासलीपर्यंत जातात आणि चंद्राबाई शेजारणींना दटावतात, "उगड तोंड. लाजतीस काय!"

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्या चकत्या चारही रुग्णालयांत गेल्या. आता मी नखाएवढा उरलोय, तेवढाही संपेन, आणि संपावंच. पण माझ्या खणात अजून तीनशे ठोकळे धूळ खात पडलेत. त्यांतल्या एखाद्याची मावशी आत्ता बाहेर बाकावर बसलेली असेल. तेवढा खण उघडा.