चाकूंचा डबा

आमच्या कंपनीच्या दुकानात तुम्ही कधीतरी जेवला असाल. कुठल्या गावात ते विचारत नाही, कारण फरक पडत नाही. लाल खुर्च्या, पिवळे दिवे, आत शिरलं की गल्ला आणि गल्ल्यावरच्या मुलीचं तेच हसू. बटाट्याचे काप डोंगरातल्या गावात जेवढे खारट, तेवढेच समुद्रकाठी. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. गिऱ्हाइकाला हे आवडतं. घरापासून लांब आलेल्या माणसाला ओळखीची खुर्ची दिसली की बरं वाटतं. मला नाही वाटत.

हा सारखेपणा राखायची नोकरी माझ्या भावोजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची. खिशात स्टीलची टेप घालून ते त्यांच्या भागातल्या शाखा फिरायचे. फ्रायर भिंतीपासून बोटभर सरकलेला दिसला की आचाऱ्याची खरडपट्टी. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की टेपसाहेब. नव्या पोरांना शिकवताना त्यांचा एक खेळ ठरलेला होता. डोळ्यांना फडकं बांधायचं, मागच्या दाराने किचनमध्ये शिरायचं आणि न चाचपडता उजवा हात खाली घालून चाकू उपसायचा. चाकूंचा डबा सगळ्या शाखांत एकाच जागी असतो. मागच्या दारातून आत आलं की उजवीकडे, पहिल्याच ओट्यात बसवलेला, खोल, मुठी वर. डावीकडे, तशाच पहिल्या ओट्यात, उकळत्या तेलाचा फ्रायर. साहेब चाकू उपसायचे, कांदा चिरायचे, पोरं टाळ्या पिटायची.

घरीही त्यांनी शाखाच उघडली होती. फळीवरच्या बरण्यांची लेबलं समोर हवीत. एकदा मिठाच्या बरणीचं लेबल भिंतीकडे वळलं, तर त्यांनी ताईचं कपाळ त्याच भिंतीवर आपटलं. टॉवेलाची घडी चुकली तेव्हा बरगडी मोडली. आणि ती टेप. तिची पाती बाहेर ओढली की कडेला धार असते. ताईच्या दंडावर त्या धारेच्या बारीक रेघा मी पाहिल्या. सगळ्या सारख्या लांबीच्या, सारख्या अंतरावर. असा नीटनेटका माणूस! त्या रेघा पाहिल्यापासून माझ्याच्याने त्याला अहोजाहो होत नाही, म्हणून इथून पुढे करणार नाही. ताई मात्र करायची. गालाचं हाड मोडल्यावर ती माझ्या दारात आली, तोंडातून शब्दाआधी रक्त आलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "ते झोपलेत, म्हणून निघाले."

मी ह्या शाखेची मुख्य आचारी. लग्नाआधी ताईही कंपनीतच होती, त्याने तिला पाहिली तीही अशाच एका किचनमध्ये. आमच्याकडे माणसं कमी होती, काम तिला येत होतं. गाल बरा झाल्यावर मॅनेजरने तिला ठेवून घेतलं. मी त्याला खरं कारण सांगितलं तेव्हा तो कपाळावरची टोपी सारखी करत म्हणाला, "चालायचंच. घरोघरी मातीच्या चुली." मी म्हटलं, "ह्या घरातली चूल बाईला भाजते, साहेब." त्याने विषय बदलला.

आता आमच्या किचनविषयी सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. आमचं किचन उलटं होतं. बांधणाऱ्या कंत्राटदाराने नकाशाचा पातळ कागद पालथा धरला आणि आरशात दिसावं तसं किचन बांधलं. नकाशातली अक्षरं उलटी दिसत होती, तरी बहाद्दराला शंका आली नाही. मोजमाप मात्र चोख. फरश्या बसल्यावर चूक ध्यानात आली, तेव्हा कंपनीच्या बांधकाम खात्याने वर कळू न देता झाकून टाकली, पुढे सवडीने बघू म्हणून. म्हणजे मागच्या दारातून आलं की आमच्याकडे उजवीकडे फ्रायर आणि डावीकडे चाकू. आमची शाखा ताईच्या नवऱ्याच्या भागात येत नव्हती, त्याने इथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या शाखेतून बदलून आलेला माणूस इथे पहिले काही दिवस मार खातो. डोकं म्हणतं वळ, पाय सवयीने भलतीकडे जातात. ताईचंही तेच झालं. नवऱ्याचे वळ फिके पडले आणि ओट्याचे कोपरे तिच्या मांड्यांवर उमटले. एकदा ती चाकू घ्यायला उजवीकडे वळली आणि बोटांची टोकं तेलात गेली. हात नळाखाली धरून ती रडली. भाजलं म्हणून नाही, रागाने.

"इथेही मलाच मारतात," ती म्हणाली. "भिंती मारतात."

"अगं, सवय होईल."

"सवय त्यांच्या माराचीही झाली होती."

पण ती शिकली. हळूहळू आमच्या सगळ्यांपेक्षा चटचट वावरायला लागली. जेवायला लागली. एकदा मॅनेजरच्या चालण्याची नक्कल करून तिने मला इतकं हसवलं की माझ्या हातून झारा पडला. मला वाटलं, सुटली बाई.

मग फोन आला. आमच्याकडे फोन उचलला की ठरलेलं वाक्य म्हणावं लागतं: "नमस्कार, आपल्याच घरी आपलं स्वागत आहे." प्रत्येक शाखेत हेच, ह्याच चालीत. गल्ल्यावरची मुलगी हात धुवायला गेली होती, म्हणून ताईने उचलला. वाक्य म्हटलं आणि गप्प झाली. पलीकडेही कोणी बोलेना. तिने रिसीव्हर ठेवला तेव्हा तिची मान घामाने भिजली होती.

"तेच होते."

"बोलला का काही?"

"नाही. पण मी 'घरी' म्हणताना अडखळते. त्यांना ठाऊक आहे."

मी कुठल्या शाखेत आहे हे ताईने त्याला कधी कळू दिलं नव्हतं, म्हणून एकेका शाखेला फोन लावत तो बसला असणार. हजार मुली तेच वाक्य म्हणतात, आणि त्यातली आपली बायको त्याने तेवढ्या अडखळण्यावरून ओळखली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोलिसांत गेले. तिथला हवालदार म्हणाला, "काही घडलं की या." मॅनेजर म्हणाला, दुकानात तमाशा नको. मी ताईला म्हटलं, बॅग भर, आपण दोघी जाऊ.

"कुठे?" तिने विचारलं. "मला येतं ते हेच काम. जिथे जाऊ तिथे हेच दुकान, आणि ते त्यांना पाठ आहे. हे एकच नाही."

तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. तिने सकाळची पाळी मागून घेतली, ज्या वेळी किचनमध्ये आम्ही दोघीच असतो. आल्या आल्या ती सगळ्यात आधी तेल तापवायला लागली. एकदा मी पाहिलं, तर ती डोळे मिटून भांडी धुवायच्या जागेपासून मागच्या दारापर्यंत चालत होती, कुठेही न धडकता. मी थट्टा केली, "आता तूही टाळ्या मिळवणार का?" ती हसली नाही.

तो आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. पण आमच्या किचनला खिडकी नाही, आणि मागच्या दाराबाहेर माल उतरवायचा बोळ आहे. दारावर थाप पडली. "माल आलाय," बाहेरून आवाज आला. मला तो आवाज कळला नाही, ताईला कळला.

"आलेत ते," ती हळूच म्हणाली. "तू शीतखोलीच्या दाराला टेकून राहा. काही झालं तरी हलू नकोस."

"उघडू नकोस, ताई! मी मॅनेजरला..."

तिने मुख्य बटण खाली ओढलं. डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार झाला. फ्रायरमधलं तेल तेवढं सळसळत राहिलं. तिची पावलं माझ्यासमोरून गेली, कडी सरकली, बोळातला उजेड क्षणभर आत आला, आणि ती बाजूला झाली. तो आत आला. त्याने स्वतःच दार लावून घेतलं, कडी घातली. घरीही तो आधी कडी घालायचा.

"वीज गेली का?" तो हसला. "तुझ्या नशिबात उजेड नाहीच. ये इकडे."

ताई बोलली नाही.

"लपून काय करशील? ह्या किचनची फरशी न् फरशी माझी आहे. मला दिवा लागत नाही." टेपची पाती बाहेर येतानाचा खर्र आवाज झाला. मग तो म्हणाला, "नको, आज टेप नको."

टेप खाली पडली. त्याने दोन पावलं टाकली, मोजून टाकावी तशी. मग त्याचा उजवा हात वरून खाली गेला, डब्यातून चाकू उपसायला जातो तसा. पूर्ण विश्वासाने, मनगटाच्याही वरपर्यंत.

तो आवाज मला लिहिता येत नाही. आधी तेलाचा आला, मग त्याचा.

तेल उडालं, माझ्या पोटरीवरही आलं. मी ओरडले आणि तिथेच चुकले. आवाजाच्या रोखाने तो आला. त्याचा डावा हात माझ्या तोंडावर बसला, माझा पुढचा दात मोडला, मग तोच हात माझ्या गळ्याला लागला. मी ताई आहे असं त्याला वाटलं, की कोणीही चाललं असतं, देव जाणे. त्याचा भाजलेला हात माझ्या खांद्यावर लोंबत होता, त्याची सोललेली कातडी मला लागत होती. मला श्वास येईना. कानात गरगर झालं.

मग काहीतरी त्याच्या डोक्यावर आदळलं. तळणाची जाळी, लोखंडी दांड्याची. पुन्हा आदळली. त्याची पकड सुटली, तो गुडघ्यांवर आला, आणि ताई मारतच राहिली. एकदाही चुकली नाही.

"उजव्या हाताला आहे ना डबा?" ती म्हणत होती. "घे की! तू घे! तुझंच किचन आहे ना? घे तू!"

तिला त्याला अरेतुरे करताना मी पहिल्यांदा ऐकलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो आता ओरडतही नव्हता, नुसता घशातून घरघरत होता, आणि ती थांबत नव्हती. मी सरपटत जाऊन तिची कंबर धरली. "ताई, मरेल तो!" मी म्हटलं. ती म्हणाली, "मग?" आणि आणखी एकदा मारलं. त्यानंतर तिने जाळी खाली ठेवली, चालत जाऊन बटण वर केलं, आणि उजेडात त्याच्याकडे बघत हात धुतले.

तो मेला नाही. पोलिसांना त्याने सांगितलं, तपासणीला आलो होतो, वीज गेली, तेलात हात गेला आणि पडलो. ताईनेही तेच सांगितलं, वीज गेली होती. त्याला कडीबद्दल बोलायचं नव्हतं, तिला बटणाबद्दल. लग्नात इतकं एकमत त्यांचं कधी झालं नव्हतं. हवालदाराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि अपघात म्हणून मोकळा झाला.

कंपनीने मात्र कसून चौकशी केली. माझ्या दाताची नाही, माझ्या गळ्यावरच्या पाच बोटांचीही नाही. इतका जुना, जाणता माणूस जखमी झालाच कसा, ह्याची. आणि दोष सापडला: किचन उलटं होतं. दुकानाला टाळं लागलं, फरश्या उखडल्या, गवंडी दिवसरात्र राबले. दार उघडलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. डावीकडे फ्रायर, उजवीकडे चाकू. मोजायला आलेला नवा माणूस टेप गुंडाळता गुंडाळता ताईला म्हणाला, "हां, तुमच्या साहेबांनी निरोप दिलाय. ऑफिसात बसवलंय त्यांना. म्हणाले, बायकोला सांग, डावा हात शाबूत आहे. लवकर शिकतोय म्हणावं."

बिचाऱ्याला वाटलं, चांगली बातमी आहे.

मी ताईला पुन्हा म्हटलं, जाऊ या. ती म्हणाली, नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर डबा बसवलेल्या जागी नुसतं चौकोनी भोक. तिने तो उचकटून काढला होता. चाकू कधी पिठाच्या डब्यामागे, कधी मोरीखाली, कधी शीतखोलीत कोबीच्या पोत्याखाली. रोज नवी जागा. मॅनेजरने दम दिला, नोकरीवरून काढण्याची भाषा केली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गल्ल्यावर जाऊन बसला.

काल सकाळी कांदे चिरायचे होते आणि मला चाकू मिळेना. सगळं किचन पालथं घातलं.

"ताई, निदान मला तरी सांगत जा," मी चिडून म्हटलं. "मी बहीण आहे ना तुझी?"

"म्हणूनच सांगत नाही." तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. "तुझा गळा धरला, तर तू सांगशील."

माझी जीभ मोडक्या दाताच्या जागी गेली. ती कुठेतरी आत गेली, परत आली, आणि मूठ माझ्याकडे करून तिने चाकू माझ्या हातात दिला.