दोष शरदिनीच्या पायाचा नव्हता

होय, मीच बोलतेय. बनारसला मच्छोदरीजवळच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते ना, ती जुनी पांढरी गाडी. मला संताप आलाय आणि तो गिळून बसायचा माझा स्वभाव नाही.

माझे मालक ढुंढिराज. बँकेत साहेब. घर ब्रह्मा घाटावर, आणि तिथल्या गल्लीत मी शिरूच शकत नाही, म्हणून माझा मुक्काम इथे. त्यांची बायको शरदिनी माझ्यावरच गाडी शिकली. रोज सकाळी मला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, लंका नावाच्या भागातल्या शाळेत शिकवायला जायची. वाटेत गाय आडवी आली तर तिच्याशीही गोड बोलायची. असा जीव लावणारं माणूस!

मग मला दुखणं लागलं. वेग कमी झाला की इंजिन थरथरायचं, धाप लागायची आणि मी बंद. आता बनारसमध्ये हळू चालवण्यावाचून गत्यंतर आहे का? मैदागिनच्या चौकात बंद, गोदौलियाच्या चौकात बंद. मागून हॉर्नचा नुसता कालवा. "अरे मैडम, चलाना नहीं आता तो घर बैठिए!" शरदिनीचे कान लाल व्हायचे.

मिस्त्रीकडे नेलं. त्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला आणि मला तपासायला कुठे न्यावं? रिंग रोडवर! मोकळ्या रस्त्यावर पळवलं की मी पळणारच. दुखणं हळू चालतानाचं आणि तपासणी जोरात पळवून. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

"गाड़ी तो मक्खन है, साहब," मिस्त्री म्हणाला. "बहनजी क्लच ठीक से नहीं छोड़ती होंगी."

झालं! ढुंढिराजांना तेवढंच हवं होतं. ते मला फक्त रविवारी पहाटे, रिकाम्या हायवेवर चालवणार. "बघ, माझ्या हातात कशी पळते! तुला क्लच कळतच नाही." त्यांनी किल्ली काढून घेतली. शरदिनी ई-रिक्शा बदलत शाळेत जाऊ लागली. शेवटी त्यांनी मला विकायलाच काढलं. माझं जाऊ दे हो, पण तिच्या कपाळी कायमचं लागणार होतं की हिला गाडी येत नाही. खोटं, साफ खोटं!

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी ती माझ्यातली छत्री न् शाल काढून घ्यायला आली होती. बॉनेट उघडं, इंजिन चालू, मी थरथरतेय. ती एकदम थांबली.

"अहो, सूं सूं येतंय. कुकरची रिंग गेल्यासारखं."

"अगं, क्लच कळत नाही तिथे इंजिन काय कळणार तुला?"

तिने वाकून कान लावला, हातरुमाल गुंडाळून कार्ब्युरेटरखालची रबराची नळी चाचपली आणि खालच्या बाजूच्या चिरेवर बोट दाबलं. मी शांत झाले. बोट काढलं, पुन्हा थरथर. दाबलं, शांत. तिथूनच फुकटची हवा आत जात होती. जोरात पळताना ती पचून जायची, हळू चालताना माझा जीव घ्यायची. इतके दिवस ओरडत होते मी, एकाने तरी ऐकावं!

"भाभीजी ने तो पकड़ लिया," गिऱ्हाईक हसलं.

"हाँ भैया," शरदिनी म्हणाली, "अब गाड़ी नहीं बिकेगी."

वीतभर नवी नळी बसली. ढुंढिराजांनी लगेच हात पुढे केला. "आण किल्ली, मी बघतो चालवून."

"तुम्ही बाजूला बसा," ती म्हणाली.

मैदागिनवरून गोदौलियापर्यंत ऐन गर्दीत तिने मला मुंगीच्या पावलांनी नेलं. एकदाही बंद पडले नाही. गोदौलियाचा चौक आला तसे ढुंढिराज म्हणतात कसे, "मी म्हणतच होतो, किरकोळ काहीतरी असणार."

असा तिळपापड झाला माझा! वाटलं, इथेच भर चौकात बंद पडावं आणि ह्यांना धक्का मारायला लावावा. पण स्टिअरिंगवर हात शरदिनीचे होते. तिला पुन्हा खाली बघायला लावायचं? छे. गुमान चालत राहिले.