पासष्टीनंतरची सूट

विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा बाई एका शिंप्याला क्लच शिकवत होत्या. शिलाई मशीनचं पायडल दाबावं तसा शिंपी गियर दाबत होता आणि गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. बाईंनी पत्र खिशात घातलं, शिंप्याला आणखी सहा वेळा गाडी सुरू करून थांबवायला लावली, आणि तो गेल्यावर मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून पाकीट फोडलं.

बाई म्हणजे मोटरसायकल शिकवणाऱ्या बाई. शाळेत बाई असतात तशाच याही. यांच्या वर्गाला भिंती नव्हत्या, एवढाच फरक. वय सदुसष्ट. गेली सव्वीस वर्षं त्या रोज सकाळी घरून काळ्या, जड मोटरसायकलवर मैदानावर येत आणि दुपारी तिच्यावरूनच बाजार करून परत जात. त्यांनी शिकवलेल्यांपैकी निम्मे आता केस पांढरे करून बसले होते.

पत्रातलं म्हणणं समजून घ्यायचं तर आधी थोडं मागं जावं लागेल. मोटरसायकलचा विमा दर वर्षी नवा करावा लागतो. ज्याने वर्षभरात कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली नाही, त्याला पुढच्या हप्त्यात सूट मिळते. अशी वर्षं साठत गेली की सूटही वाढत जाते. बाईंनी अकरा वर्षांत एकदाही काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना निम्माच हप्ता पडायचा. आता कंपनीने दर बदलले होते. पासष्टी ओलांडलेल्या चालकांना दीडपट हप्ता, आणि साठवलेली सूट रद्द. वीस तारखेपर्यंत भरायचा.

निम्म्याचं दीडपट झालं, म्हणजे तिप्पट. बाईंनी हिशोब तिथल्या तिथे केला आणि पत्राची घडी घातली. एवढा हप्ता भरायचा तर गाडीच विकावी लागणार होती.

संध्याकाळी त्यांनी पत्र मुलासमोर ठेवलं. मुलगा पाण्याच्या मीटरची नोंद घ्यायच्या कामाला होता. दिवसभर आकडे वाचून घरी आला की त्याला आकडा नको वाटायचा. तरी त्याने वाचलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "गाडी माझ्या नावावर कर. मी अडतीस वर्षांचा. मला दीडपट लागणार नाही, वर नव्या ग्राहकाची सूट मिळेल."

"आणि चालवणार कोण?"

"तूच. कोण बघायला येतंय?"

"त्या फॉर्मवर विचारलेलं असतं, मुख्य चालक कोण म्हणून. तिथे काय लिहायचं?"

"माझं नाव. आई, सगळे करतात असं. माझ्या साहेबाची स्कूटर त्याच्या बायकोच्या नावावर आहे आणि तिला सायकलसुद्धा येत नाही."

"म्हणजे तुझा साहेब खोटारडा. मी कशाला होऊ?" बाईंनी पत्र परत घेतलं. "चालवायची मी, आणि कागदावर तू. उद्या कुणाला धक्का लागला तर मी तिथे नव्हतेच म्हणायचं का? एवढी मोठी बाई गाडीवर बसलेली, आणि नव्हतीच?"

"मग गाडी चालवूच नकोस. वय झालं आता. मी सोडत जाईन तुला."

बाई जेवायला बसल्या आणि रोजच्यापेक्षा अर्धी पोळी जास्त खाल्ली. मुलाने ओळखलं, हे लक्षण काही बरं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई कंपनीच्या कार्यालयात गेल्या. खिडकीमागचा कारकून तरुण होता. गळ्यात टाय, आणि टायवर चहाचा डाग.

"बोला आजी."

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुझी ग्राहक आहे. अकरा वर्षं."

कारकुनाने टाय सरळ केला. "बोला मॅडम."

बाईंनी पत्र काचेखालून सरकवलं. "हे कुठल्या आधारावर?"

"वयानुसार जोखीम वाढते, मॅडम. वरून आलंय. आम्ही काही करू शकत नाही."

"मी काही केलंय का? कुणाला धडकले? कुणाचा आरसा फोडला?"

"तुम्ही नाही, पण तुमच्या वयाचे लोक..."

"माझ्या वयाचे लोक एका गाडीवर बसून येत नाहीत. ते त्यांच्या गाडीवर, मी माझ्या." मागे रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनी मागे पाहिलं नाही. "दुसऱ्या पानाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते वाचून दाखव."

कारकुनाने पान उलटलं, डोळे बारीक केले, आणि वाचता वाचता त्याचा आवाजही बारीक होत गेला. पासष्टीवरच्या चालकाने परवानाधारक प्रशिक्षकाकडे सुरक्षित चालनाची परीक्षा दिली आणि तसा दाखला आणला, तर जुना दर आणि जुनी सूट कायम राहील.

"हे पहिल्या पानावर का नाही?"

"जागा नसेल."

"पहिल्या पानावर हसणाऱ्या जोडप्याचा फोटो आहे, हातभर."

कारकुनाने पान उलटून फोटो पाहिला. मग त्याला काहीतरी सुचलं. "पण मॅडम, गावातल्या परवानाधारक प्रशिक्षक तर तुम्हीच. स्वतःला दाखला कसा देणार?"

"मी नाही देणार. गेल्या वर्षी एकीला प्रशिक्षकाचा परवाना मिळालाय. ती देईल."

"कोण?"

"चिमणी."

चिमणी म्हणजे औषधांच्या दुकानातून घरोघरी औषधं पोचवणारी एक बारीक, ठेंगणी मुलगी. पहिल्या दिवशी गाडीवर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तेव्हापासून मैदानावर तिचं नाव चिमणी.

"म्हणजे तुमचीच विद्यार्थिनी," कारकून म्हणाला. आता त्याचा आवाज पुन्हा मोठा झाला. "मॅडम, राग मानू नका, पण ती तुम्हाला नापास करेल का? आमच्या साहेबांना हे पटायचं नाही."

"मग तू ये बघायला. बारा तारखेला सकाळी आठ. आणि टाय काढून ये, मैदानावर धूळ असते."

बारा तारखेला कारकून आला. मुलगाही आला. मीटरच्या नोंदी उशिरा सुरू करीन म्हणाला, पण खरं तर आईला एकटं सोडायचं नव्हतं. चिमणी कागद लावलेली पाटी घेऊन मैदानाच्या मधोमध उभी होती. इतकी वर्षं तिथे बाई उभ्या असायच्या.

परीक्षेचे तीन भाग होते. एकदम ब्रेक लावून रेघेच्या आत थांबणं. वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहणं. आणि शेवटी प्लास्टिकच्या आठ शंकूंमधून, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने, नागमोडी जाणं. शंकूला चाक लावायचं नाही, पाय टेकायचा नाही. वेगात गाडी कुणीही सांभाळतं. खरी परीक्षा होते ती हळू चालवताना.

पहिले दोन भाग बाईंनी असे पार पाडले की कारकुनाने नकळत मान डोलावली. मग त्या शंकूंकडे वळल्या. एक, दोन, तीन. चौथ्याला गाडी किंचित झुकली, पाचव्याला सावरली. सहाव्या शंकूवर पुढचं चाक सरळ त्याच्याकडेच निघालं, बाईंनी हँडल ओढलं आणि डावा पाय जमिनीला टेकला.

चिमणीने पाटीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, पाय टेकला."

"मला माहीत आहे. लिही."

"बाई, आज वारा होता जरा..."

"वारा नव्हता. लिही नापास. आणि अक्षर नीट काढ."

चिमणीने लिहिलं. कारकुनाच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग थोडी लाज. "मॅडम, मला वाटलं..." एवढंच तो म्हणाला.

"तुला काय वाटलं ते मला माहीत आहे. परत परीक्षा कधी देता येते?"

"सात दिवसांनी. म्हणजे एकोणीसला." त्याने बोटांवर मोजलं. "वीसपर्यंत दाखला आला नाही तर नवा दर लागणार. नाही भरला तर पॉलिसी संपली, आणि अकरा वर्षांची सूटही गेली."

"एकोणीसला आठ वाजता," बाई म्हणाल्या.

घरी जाताना मुलगा त्यांच्या मागे बसला होता. तो म्हणाला, "तुझीच पोरगी तुला नापास करते! दोन पावसाळे फुकट शिकवलंस तिला."

"म्हणूनच केलं तिने. नसतं केलं तर मी फुकट शिकवलं असं झालं असतं."

"आई, मी सांगतोय अजून. माझ्या नावावर..."

"तू उतर. चालत ये."

तो उतरला नाही, पण पुढे बोललाही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, शिकणारे यायच्या आधी, बाईंनी एकट्यानेच शंकू मांडले. पहिल्या फेरीत सहाव्याला पाय टेकला. दुसऱ्या फेरीत पाचव्याला. तिसऱ्या फेरीत सातवा शंकू चाकाखाली जाऊन चेपला. गुडघा दुखत नव्हता, क्लच बरोबर सुटत होता, गाडीतही काही बिघाड नव्हता. मग काय? एखादं पोर अडखळलं की बाई त्याला ओरडत नसत. त्याच्याकडून तेच पुन्हा करून घेत आणि बघत राहत. आता स्वतःकडेच तसं बघायचं होतं. ते अवघड होतं, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी चिमणीला फोन केला. औषधांच्या फेरीआधी ती अर्ध्या तासासाठी आली, एक फेरी पाहिली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "बाई, तुम्ही मोजताय."

"काय मोजतेय?"

"शंकू. ओठ हलतात तुमचे. एक, दोन, तीन. आणि बघताही शंकूकडेच. आम्ही फेरी मारताना तुम्ही बघायचात तसं. चाक लागतंय का, ते."

बाई गाडीवरच बसून राहिल्या. सव्वीस वर्षं त्या मैदानाच्या मध्यभागी उभ्या राहून दुसऱ्यांची चाकं आणि शंकू बघत आल्या होत्या. किती लागले, किती वाचले. त्यांचे डोळे त्यालाच सवयीचे झाले होते. रस्त्यावर शंकू नसतात, म्हणून तिथे कधी जाणवलं नाही. पण मोटरसायकल जिथे नजर जाते तिथेच जाते. शिंप्याला, न्हाव्याला, चिमणीला, सगळ्यांना त्यांनीच हे सांगितलं होतं. नजर पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवा, अडथळ्यावर नको.

"म्हणजे मला शिकवायची सवय नडतेय," बाई म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. चिमणीलाही हसू फुटलं, बऱ्याच वेळाने.

सवय कळली म्हणून सुटत नाही. दोन दिवस बाईंनी ओठ घट्ट मिटून पाहिले, तर आकडे डोक्यात चालू राहिले. तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या खोलीत गेल्या. तो बूट घालत होता.

"चल मैदानावर."

"कामावर जायचंय मला."

"मोजायचंच काम आहे ना तुझं? तर चल, शंकू मोज. तू मोजतोयस हे कानावर पडलं की मला मोजावं लागणार नाही."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"आठपर्यंत येतं ना?"

मुलगा मैदानाच्या मध्यभागी उभा राहिला, हातात मीटरची वही. सुरुवातीला लाजत, पुटपुटत मोजत होता. "मोठ्याने!" बाई हेल्मेटमधून ओरडल्या. मग तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडू लागला. एक! दोन! तीन! समोरच्या इस्त्रीवाल्याला काय चाललंय ते कळेना. बाईंनी नजर मैदानाच्या टोकाच्या फाटकावर ठेवली. आकडे मुलाचे, गाडी त्यांची. पाचव्या फेरीत त्या आठही शंकूंमधून पाय न टेकता बाहेर पडल्या.

मुलगा "आठ!" ओरडला आणि वही हवेत फेकली. मग ती उचलून धूळ झटकत म्हणाला, "माझ्या नावावर करू म्हणालो होतो ना. सोड ते."

"मी धरलंच कुठे होतं?"

एकोणीसला कारकून टाय न लावता आला. त्याच्या मागे कार्यालयातले आणखी दोघे होते. इस्त्रीवालाही फाटकाशी येऊन थांबला. परीक्षेत मोजायला परवानगी नव्हती, म्हणून मुलगा तोंडावर हात दाबून उभा राहिला. बाईंनी ब्रेक लावला, मागे पाहिलं, मग शंकूंकडे वळल्या, नजर फाटकावर आणि कानात मुलाचे कालपर्यंतचे आकडे. त्या इतक्या हळू चालल्या होत्या की एक कुत्रं त्यांच्यापुढे निघून गेलं. सहावा गेला. सातवा गेला. आठव्यानंतर गाडी सरळ झाली, तेव्हा बाईंचे दोन्ही पाय फूटरेस्टवरच होते.

चिमणीने दोनदा तपासून लिहिलं, उत्तीर्ण. या वेळी तिचं अक्षर खरंच सुरेख आलं होतं.

वीस तारखेला जुन्या दराने, जुनी सूट धरून हप्ता भरला गेला. मुख्य चालकाच्या रकान्यात बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं, सगळ्यांना दिसेल अशा ठळक अक्षरांत. पावती देताना कारकून म्हणाला, "मॅडम, दाखला एकच वर्ष चालतो बरं का."

"मग दर वर्षी देईन. आता हे सांग, ते पत्र आणखी किती जणांना गेलंय?"

"ते सांगता येत नाही मला."

"नको सांगू."

त्याच संध्याकाळी मैदानाच्या फाटकावर पुठ्ठा लागला. वय पासष्टच्या पुढे? विमा कंपनीचं पत्र आलंय? दुसऱ्या पानाची मागची बाजू वाचा आणि मंगळवारी सकाळी गाडी घेऊन या. परीक्षा चिमणी घेईल, तयारी बाई करून घेतील.

पहिल्या मंगळवारी सात जण आले. घड्याळजी, रंगारी, एक निवृत्त परिचारिका आणि तिचा भाऊ, आणि आणखी तिघे. त्यातल्या चौघांनी गाडी कधीच मुलांच्या नावावर करून टाकली होती. "परत आपल्या नावावर करून घ्या," बाईंनी त्यांना पहिली गोष्ट सांगितली, "मग शंकूंकडे बघू. म्हणजे बघायचं नाही, ते नंतर शिकवते."

पुढच्या महिन्यात कंपनीच्या शाखेच्या साहेबांचा स्वतः फोन आला. आवाज गोड होता, पण फार वेळ टिकला नाही. "बाई, अहो, तुम्ही सगळ्याच म्हाताऱ्यांना सूट मिळवून द्यायला लागलात, तर आमच्या नव्या दरांचा उपयोग काय?"

"सगळ्यांना कुठे?" बाई म्हणाल्या. "घड्याळजी काल नापास झालाय. तिसऱ्या शंकूला. मंगळवारी परत येणार आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला, कारण रंगाऱ्याने क्लच सोडला होता आणि गाडी एकटीच फाटकाकडे निघाली होती.