पंचावन्न सालची बाटली

बूर्गय गाव आलं तरी रेजिसनं गाडीची काच खाली केली नाही, तेव्हाच शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, मारीव्होननं, वळून त्याच्याकडे बघितलं.

ऑक्टोबरात या गावातून काच वर ठेवून कोण जातं? द्राक्षं नुकतीच दाबलेली, तळघरातळघरातून रस फसफसतोय, अख्ख्या गावाला आंबूसगोड वास सुटलेला. चाळीस वर्षं रेजिस इथे मान बाहेर काढायचा. "तोडणीला दोन दिवस उशीर केला लेकांनी," असं काहीतरी पुटपुटायचा आणि तिला विचारायचा, "तुला कसला येतोय वास?" ती म्हणायची, "वाइनचा." मग तो कपाळावर हात मारून घ्यायचा. आज मात्र स्वारी सरळ समोर बघत गाडी हाकत होती आणि रेडिओवरच्या बातमीदाराला शिव्या घालत होती.

सहलीची टूम तिचीच. रेजिसला सत्तर पूर्ण होणार होती. आँजेहून निघायचं, ल्वार नदीच्या काठाकाठानं बूर्गय, शिनों, आणि वाढदिवसाच्या दुपारी वूव्रेला जुन्या दोस्ताकडे, द्राक्षमळेवाल्या गासियाँकडे जेवायचं. रेजिसनं उभा जन्म वाइनच्या दलालीत काढलेला. त्यानं हुंगून मान डोलावली की व्यापारी डोळे झाकून पिंपं उचलत, असा त्या नाकाचा दबदबा. "सगळ्या जुन्या मंडळींना भेटून येऊ," असं तिनं त्याला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मार्चमध्ये दूध उतू जाऊन करपलं, स्वयंपाकघर धुरानं भरलं, आणि हा बाबा पाठ करून शेजारीच शब्दकोडं सोडवत बसलेला. तिनं बागेतून धावत येऊन गॅस बंद केला. "अगं, लक्ष नव्हतं," म्हणाला. लक्ष नव्हतं की वासच येत नव्हता? एकदा तळघरांतून फिरवून आणलं की सोक्षमोक्ष लागेल, असं तिला वाटलं. आपली शंका खोटी ठरावी, एवढंच तिचं मागणं होतं.

वास गेला तर एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं रेजिसचे वडील बघितलेले नाहीत. तेही दलालच. आधी त्यांचं नाक गेलं. सर्दी सर्दी म्हणत वर्ष काढलं. मग उजवा हात थरथरायला लागला, मग पाय, आणि शेवटची सहा वर्षं मारीव्होननं त्यांना चमच्यानं भरवलं. हे कंपवाताचं दुखणं कधीकधी असंच नाकापासून सुरू होतं, असं डॉक्टरनं तेव्हा सांगितलं होतं. रेजिस शेजारीच उभा होता. मार्चपासून डॉक्टरचं नाव काढलं, की तो उठून बागेत जायचा.

शिनोंला मात्र त्यानं बहार केली. तळघरात ग्लास हाती घेतला, गोल फिरवला, डोळे मिटून हुंगला, घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकला आणि म्हणाला, "रास्पबेरी. आणि मागून नुकतंच टोक काढलेल्या शिसपेन्सिलीचा वास. तुझ्या वरच्या मळ्यातली ही, एकोणीस सालची."

"नाक आहे की काय आहे हो तुमचं!" मालक खूश झाला. मारीव्होनला तर त्या मालकाचा मुका घ्यावासा वाटला. रात्री ती शांत झोपली.

सकाळी मुक्कामाच्या खोलीत त्याचा कोट झटकताना खिशातून वही पडली. धंद्यातली जुनी वही. कुठल्या तळघरातली कुठल्या सालची वाइन, तिचा वास काय, चव काय, सगळं रेजिसच्या बारीक अक्षरात. शिनोंच्या पानावर, एकोणीस सालाखाली, 'रास्पबेरी, शिसपेन्सिल'. त्याखाली पेन्सिलीची ताजी रेघ.

मेल्यानं पाठ केलं होतं! परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं करतात तसं घोकलं होतं. मारीव्होन पलंगाच्या कडेवर बसली. तिला रडू येईना आणि रागही येईना. न्हाणीघरात तो शिटी वाजवत दाढी करत होता. तिनं वही होती तशी खिशात ठेवून दिली.

आणि मग तिला गासियाँची बाटली आठवली.

पंचावन्न सालची ती शेवटची बाटली. रेजिस जन्मला त्या सालची, गासियाँच्या बापानं भरलेली. सत्तराव्या वाढदिवसाला उघडायची असं दोघांचं तिशीतच ठरलेलं. त्या सालची वाइन रेजिसनं कधीच चाखली नव्हती, म्हणजे वहीत तिची नोंद नव्हती. आणि त्या घरचा रिवाज असा, की ज्याच्या सालची बाटली त्यानं आधी हुंगायची, चाखायची आणि "घ्या" म्हणायचं. तोवर कुणी ग्लासाला हात लावत नाही.

"आज सरळ घरी जाऊ या का?" गाडीत बसताना ती म्हणाली. "माझं डोकं दुखतंय."

"वा! सत्तर वर्षं वाट पाहिलीय बाटलीनं. तुझ्या डोक्यासाठी थांबेल होय ती?"

त्यावर बोलायला 'तुला वास येत नाही, मला माहीत आहे,' हे एक वाक्य तेवढं होतं, आणि तेच तिच्या तोंडून फुटेना. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तिनं कशी उघडायची?

गासियाँचं घर कड्याच्या पोटात कोरलेलं, तळघर त्याच्याही आत. "आला का म्हातारा!" गासियाँ दारातूनच ओरडला. "मला वाटलं, बाटली मलाच एकट्याला संपवावी लागणार."

"तुझ्या हाती दिली असती तर सॅलडवर ओतली असतीस."

जेवण झालं. गासियाँची सून क्लेमाँस, जी आता सगळा मळा बघते, तिनं बाटली आणली. गासियाँनं बूच हळूहळू ओढलं. ते काळं पडलेलं होतं. चार ग्लासांत सोनेरी वाइन उतरली, आणि मारीव्होनला हातभर अंतरावरून वास आला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पोतेऱ्याचा. तिला, जिला उभ्या जन्मात 'वाइनचा' याहून दुसरा वास सांगता आला नव्हता!

बाटलीला बूच लागलं होतं. बूच खराब निघालं की वाइनला असा कुबट वास येतो. ल्वारकाठी हे शाळकरी पोरही ओळखतं, आणि नाक मुरडून ग्लास बाजूला सारतं.

रेजिसनं ग्लास उचलला. मारीव्होननं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. त्याला वाटलं, लाडानं. त्यानं तिच्याकडे बघून डोळा मारला, ग्लास हुंगला, घोट घेतला आणि डोळे मिटले. देवा, एकदा तरी तोंड वाकडं कर, तिनं मनात म्हटलं.

"मध," तो म्हणाला. "भाजलेलं सफरचंद. सत्तरीची झाली, पण दात शाबूत आहेत बाईचे. घ्या!"

कुणी ग्लासाला हात लावला नाही. क्लेमाँस गोंधळून म्हणाली, "पण रेजिसकाका, हिला तर—"

"क्लेमाँस, चीज आण," गासियाँ म्हणाला.

"अहो, पण बाबा—"

"चीज आण म्हटलं ना!"

मग गासियाँनं आपला ग्लास उचलला. खराब वाइनचा थेंब ज्यानं आयुष्यात गिळला नाही, पाहुण्यांच्या तोंडावर ज्यानं पिंपंच्या पिंपं गटारात ओतली, तो गासियाँ पूर्ण ग्लास प्यायला. बापाच्या हातची, सत्तर वर्षं जपलेली. "छान आहे," म्हणाला. मारीव्होनही प्यायली. घशाखाली उतरवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि क्लेमाँसनं न बघितल्यासारखं केलं.

निघताना गासियाँनं रेजिसला मिठी मारली ती सोडेचना.

गाडीत मारीव्होन चालकाच्या जागी बसली. चावी अजून तिच्या मुठीतच होती, गाडी सुरू झालीच नव्हती. समोर वेलींची पानं पिवळी पडली होती.

"बूच लागलं होतं ना?" रेजिसनं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"गासियाँनं माझी टर उडवली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." तो तिच्याकडे वळला. "कसला वास होता?"

"भिजलेल्या पुठ्ठ्याचा."

"बघ, तुला येतं की सांगता." तो हसला. "मार्चपासून काही नाही, मारी. कॉफीचा नाही, पावाचा नाही. तुझ्या मानेचासुद्धा नाही."

तिला म्हणायचं होतं, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. म्हणायचं होतं, सगळ्यांचं तुझ्या वडिलांसारखं थोडंच होतं. पण तेवढ्यात त्यानं उजवा हात समोर लांब केला, बोटं पसरून, आणि तसाच धरला.

"नीट बघ," तो म्हणाला. "हलतोय का?"

तिनं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"गाडी हलतेय रे," ती म्हणाली.

रेजिसनं तिच्या मुठीतल्या चावीकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवला.